धुरातली चवळी

परत आल्यापासून इथली मराठी मंडळी विचारताहेत, "काय मग, जव्हारला काय काय पाहिलंस?" मी मोबाइल काढून फोटो दाखवते. दरी, राजवाडा, बाजारातल्या करांद्यांचे म्हणजे रानकंदांचे ढीग. लोक म्हणतात, वा, छान आहे की! एका जेवणाचा फोटो मात्र माझ्याकडे नाही. तो काढायचं सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी हात धजला नसता. म्हणून ते लिहून काढते आहे.

'इथली' म्हणजे दार-ए-सलामची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अकरा वर्षं टांझानियात राहतो आहोत. पहिलं वर्षभर मी मोठ्या दुकानातला, परदेशातून आलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला भाजीपाला आणून पैसे आणि जिभेची चव दोन्ही घालवली. मग शेजारच्या झैनाबने माझी कीव येऊन मला बाजारात नेलं. तिथे बायका जमिनीवर कापड पसरून भाजीचे छोटे ढीग मांडतात. एका ढिगाला 'फुंगू' म्हणतात. वजन नाही, काटा नाही. राजगिऱ्यासारखा पाला, मुहोगोचे म्हणजे कसाव्याचे लांबलचक कंद, आणि कुंदे. कुंदे म्हणजे आपली चवळीच. ती झैनाब नारळाच्या दुधात शिजवते. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा भांडं पुसून खाल्लं होतं.

तेव्हापासून मी स्थानिक, ताज्या आणि स्वस्त खाण्याची प्रचारकच झाले. आपण राहतो तिथलं खावं, पिकवणारीच्याच हातून घ्यावं, असं कुणीही न विचारता सांगत सुटते. नवरा म्हणतो, "हिला बाजारात सोडलं की ही आधी भाषण करते आणि मग भाजी घेते." त्याचं खरं आहे. हा स्वभाव घेऊनच मी दिवाळीनंतर जव्हारला उतरले.

जव्हार

स्टँडवर रेखा उभी होती. आम्ही दोघी नाशिकला डी.एड.ला एका खोलीत राहायचो. मी नोकरी न करता लग्न केलं, तिने लग्न न करता नोकरी केली. ती मोखाडा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मोखाड्यात दोन खोल्या घेऊन राहते. अकरा वर्षांनी भेटत होतो. तिने मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "जाड झालीस."

बाजारातून जाताना माझा पहिला अपेक्षाभंग झाला. हातगाडीवर कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची. मी विचारलं, "हे इथलं?" रेखा हसली. "नाशिकहून येतं, ट्रकने. इथलं इथे फार थोडं दिसतं." खानावळीत मी ठसक्यात नागलीची भाकरी मागितली. आपण जिला नाचणी म्हणतो तिला इकडे नागली म्हणतात. मालक अदबीने म्हणाला, "मॅडम, ती दोन तास आधी सांगावी लागते. पर्यटकांसाठी करतो. पनीर मसाला तयार आहे." आम्ही पनीर मसाला खाल्ला. रेखा खुदुखुदु हसत होती आणि मी चिडून भात कालवत होते.

संध्याकाळी दरीच्या काठावर बसलो. भातकापणी उरकलेली, खाचरं पिवळी पडलेली, डोंगर अजून हिरवे. रेखाची पहिली नेमणूक वावर-वांगणीकडे झाली होती. ती नावं आमच्या पिढीने कोवळ्या वयात पेपरात वाचली होती, लहान मुलांच्या मृत्यूंच्या बातम्यांत. मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"भीती नाही, लाज वाटली," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी एका म्हातारीने मला विचारलं, तू पोरं मोजायला आलीस का शिकवायला? शिकवायला, मी म्हणाले. मग तिने मला काकडी दिली. मोजायला येतात त्यांना ती काही देत नसे."

रात्री मोखाड्याला रेखाच्या घरी पोचलो आणि मला झोप छान लागली. दुसऱ्या दिवशी मोखाड्याचा आठवडी बाजार होता.

मोखाडा

रेखा शाळेत गेली आणि मी पिशवी घेऊन बाजारात. जीपमधून, एसटीतून, डोक्यावर पाट्या घेऊन माणसं येत होती. कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, सुकट यांच्या रांगा ओलांडल्यावर टोकाला मला हव्या होत्या त्या बायका दिसल्या. जमिनीवर फडकी पसरून त्यांनी वाटे लावले होते. वजन नाही, काटा नाही. माझा दार-ए-सलामचा बाजारच जणू कुणी इथे आणून ठेवला होता. आनंदाने माझं भान सुटलं. उकडलेले करांदे घेतले, डांगराची फोड घेतली, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी घेतली. सगळं इतकं स्वस्त की मी मनातल्या मनात दार-ए-सलामच्या मराठी मंडळासाठी लेखही लिहायला घेतला.

रांगेच्या अगदी शेवटी एक तिशीतली बाई बसली होती. तिच्या पुढ्यात वाटे नव्हते. वाळक्या शेंगांच्या चार जुड्या होत्या, दोरीने बांधलेल्या, काजळासारख्या काळ्या. मी एक उचलली तर बोटं काळी झाली आणि धुराचा दाट वास आला.

"काय आहे गं हे?"

"चवळी."

"इतकी काळी?"

"धुरावर व्हती."

मी एक शेंग मोडली. आत लालसर, टपोरे दाणे, प्रत्येकाला काळा डोळा. झैनाबच्या कुंदेची मला इतकी आठवण झाली की तोंडाला पाणी सुटलं. धुरावलेली चवळी! पर्यटकांच्या दुकानात अशी वस्तू बाटलीत घालून दहापट किमतीला विकतील, असंही वाटून गेलं.

"खायला कशी लागते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चवळीसारखी."

मी हसले. "सगळ्या दे."

"सगळ्या?" तिने तीन जुड्या पुढे केल्या. चौथी हातातच ठेवली. "तुझे घरी चूल हाय का बाय?"

"नाही गं, गॅस आहे."

मग तिने चौथीही दिली. मी तिचं नाव विचारलं, जिवली म्हणाली. गाव विचारलं, करंजपाडा म्हणाली. पिकवणारीच्या हातून घेतलं की मी नाव-गाव विचारतेच. तो माझा नियम आहे आणि मला त्याचा अभिमानही होता.

रेखा घरी येईपर्यंत मी दोन जुड्या सोलून कुकरला लावल्या होत्या आणि नारळ वाटत होते. ती दारातच थांबली. टोपलीत काळी टरफलं पडली होती. तिने त्यातलं एक उचलून नाकाशी नेलं.

"हे कुठून आणलंस?"

मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पाटावर बसली.

"अगं, हे बियाणं आहे," ती म्हणाली. "चुलीवर टांगून ठेवतात, धुरात, कीड लागू नये म्हणून. पुढच्या पावसाळ्यात पेरायचं. काळी शेंग बघितली की आमच्याकडचं लहान पोरही ओळखतं. म्हणून तर तिच्याकडे दुसरं कुणी गिऱ्हाईक नसेल."

"मग तिने विकलं कशाला?"

"तेच कळत नाही. बी विकत नाहीत आमच्याकडे. कुणी मागितलं तर देतात, आणि पुढच्या वर्षी तो दीडपट परत आणून देतो. विकत नाहीत. तिने तुला काही विचारलं का?"

"घरी चूल आहे का, म्हणून."

कुकरची शिट्टी झाली तेव्हा रेखाच उठली आणि तिने गॅस बंद केला. पण दाणे शिजले होते. त्या रात्री आम्ही ते खाल्ले, टाकणार कुठे? अकरा वर्षं परमुलखात बाजार करून शहाणी झालेली मी, माझ्याच भाषेच्या मुलखात येऊन बियाणं शिजवून बसले होते.

रेखाच्या शाळेतली काही मुलं करंजपाड्याची होती, त्यामुळे जिवलीचं घर तिला ठाऊक होतं. दिवाळी झाली की पाड्यावरची बहुतेक घरं वीटभट्टीवर जातात, थेट पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. जिवलीचं घरही जायचं, पण सासू मागे राहायची. ती सासू श्रावणात वारली. एवढं सांगून रेखा थांबली आणि मग आम्हा दोघींना एकदमच उलगडलं. चूल पेटती ठेवायला या वर्षी घरात कुणी उरणार नव्हतं. चौथी जुडी हातात धरून तिने माझ्या चुलीचं विचारलं ते त्यासाठीच, निदान ती तरी माझ्या धुरावर तगेल म्हणून.

दोन जुड्या शिल्लक होत्या. रेखाने बेत केला. चाळलेली राख घालून बाटलीत घट्ट बंद केलं तर बी जूनपर्यंत तगेल. धुराइतकं नाही, पण तगेल. बाटली ती स्वतःच्या घरी ठेवणार होती. "पण आधी तिचं तिला परत द्यायचं," ती म्हणाली. "मग मी तिच्याकडे मागेन. बी मागून घ्यायचं असतं. नाहीतर ते आपण विकत घेतलेलंच राहील, आणि जूनमध्ये ती माझ्या दारात न्यायला येणार नाही." भट्टीची गाडी एक-दोन दिवसांत येणार होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच निघायचं ठरलं.

करंजपाडा

जीपने जेवढं जाता आलं तेवढं गेलो आणि पुढे तासभर चाललो. वाट सुंदर होती. दोन्ही बाजूंना खुरासणीची शेतं, त्यांची पिवळी फुलं अजून उभी. पण माझं लक्ष नव्हतं. मी वाटभर वाक्यं जुळवत होते. 'जिवली, माझी चूक झाली, मला कळलं नाही, हे तुझं बी परत घे.' साधं वाक्य. शंभरदा म्हटलं असेल.

पाड्याच्या तोंडाशीच चार-पाच जणांनी रेखाला घेरलं. मुलं भट्टीवर जाणार, तिकडच्या शाळेत बसवायला कागद लागतो, तो द्याल का? रेखा तिथल्या ओट्यावर बसून नावं लिहून घेऊ लागली. मला म्हणाली, "ते शेवटचं घर. तू हो पुढे, मी आलेच."

कुडाचं, सारवलेलं, नीटनेटकं घर. अंगणात दोन गोण्या बांधून ठेवलेल्या. त्यांत भांडी असावीत. जिवलीने मला ओळखलं. "बस बाय," म्हणाली आणि पाणी आणलं. इकडे 'तुम्ही' फारसं कुणी म्हणत नाही, आणि 'तू' ऐकायला बरं वाटतं. दारातून आतली चूल दिसत होती. तिच्यावर बांबूची एक काठी आडवी टांगलेली होती, काळी चकचकीत, रिकामी.

ती काठी पाहिली आणि जुळवलेलं वाक्य मी म्हटलंच नाही. चूक झाली म्हणायचं तर बाजारातलं सगळं उकरावं लागणार. दोन जुड्या आम्ही खाल्ल्या, हेही सांगावं लागणार. तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच लाज वाटत होती. मी पिशवी पुढे केली आणि गोड आवाजात म्हणाले, "हे तुझ्यासाठी आणलंय."

तिने आत पाहिलं. जुड्यांकडे, मग माझ्याकडे. "माझेसाठी?"

"हो. तुझ्याचसाठी."

ती पिशवी घेऊन आत गेली. मला केवढं हलकं वाटलं! न बोलता समजलं तिला, असं वाटलं. बाकीचं रेखा आली की सांगेल.

तिचा नवरा काशिनाथ बाहेर दोर वळत बसला होता. मी आफ्रिकेत राहते म्हटल्यावर त्याने विचारलं, "तिकडं आफ्रिकेला भट्ट्या हायेत का?" असतील, म्हटलं. "नागली व्हते का?" होते म्हटल्यावर त्याला फार नवल वाटलं. त्याने आत हाक मारून बायकोला सांगितलं, "ऐकलंस का, तिकडंपण नागली व्हते!" मग भट्टीवरच्या झोपडीबद्दल बोलला. ताडपत्रीची, चूल उघड्यावर, उंदरांचा सुळसुळाट. "काय ठेवायची सोय नाय. आय व्हती तवा बरं व्हतं. आय मागं ऱ्हायची. चूल कधी विझू दिली नाय तिनं. ही चवळी तिचीच, तिचे माहेराहून आणलेली." मी विचारलं, शेजारी कुणाच्या चुलीवर ठेवता आली नसती का? तो म्हणाला, "समदी चालली. दोन म्हातारी ऱ्हातील, त्यांचं त्यांना रांधवत नाय."

त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी दारात येऊन माझ्या चपलांकडे बघत होती. मी तिला बिस्किटं दिली. आतून फोडणीचा वास येत होता, लसूण आणि मिरची. भूक लागली होती. इतका वेळ झाला तरी रेखा कशी येत नाही, एवढंच मनात होतं.

रेखा आली. अंगणात पाय ठेवताच तिने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू तिला सांगितलंस ना?"

मी उठून आत गेले. मडकं रटरटत होतं. चुलीत काळी टरफलं जळत होती.

"जिवले, काय केलंस हे?" रेखा माझ्यामागून म्हणाली. "ते बी होतं ना!"

"व्हतं," जिवली शांतपणे म्हणाली. "बाजारात इकलं तवाच ते खायाचं झालं. इकलेलं बी परत बी नाय व्हत. बायनं माझेसाठी आणलं म्हणाली. घरात निस्ती नागली. पाहुणीनं आणलेलं पाहुणीलाच पहिलं घालायचं, नाय का?"

रेखाने तिला बाटलीचं सांगितलं. राखेचं, जूनचं, आम्ही मागायला आलो होतो ते. जिवलीचा हात पळीवर थांबला. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त माझ्याकडे वळून विचारलं, "मंग आल्या-आल्या का नाय बोललीस?"

मी खाली वाकून सांडलेला एखादा दाणा दिसतो का ते पाहू लागले.

मग आम्ही सगळेच शोधायला लागलो. काशिनाथने सूप झटकलं. रेखाने जिथे शेंगा सोलल्या ती जमीन हाताने चाचपली. मी मोबाइलचा उजेड पाडून पाट्याखाली, गोण्यांच्या मागे, उंबऱ्याच्या फटीत पाहिलं. एखादा दाणा उडाला असेल, घरंगळला असेल. एक सापडला. काशिनाथने तो नखाने उलटा केला. बारीक भोक पडलेलं होतं, आत कीड होती. त्याने तो कोंबडीला टाकला.

एव्हाना भाकरी झाल्या होत्या. जिवलीने पानं मांडली. मला पहिलं वाढलं. चवळी गोड होती, धुराचा वास तिच्या आतपर्यंत गेला होता, आणि तशी चवळी मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. हे लिहिताना मला शरम वाटते, पण ते खरं आहे. मुलगी तिसऱ्यांदा मागत होती आणि आई तिला देत होती. रेखा मान खाली घालून जेवत होती. मी डोळे पुसले तर जिवली म्हणाली, "तिखट झालं का?"

"नाही," मी म्हटलं. मग विचारलं, "आता पावसाळ्यात काय लावशील?"

"बियाचं पाकीट घेऊ बाजारातून," ती म्हणाली. "पाकिटाला धूर नाय लागत."

आणि माझ्या पानात तिने आणखी एक पळी वाढली.